खान्देशात घरी पीसी जोडायचाय? मग आधी बोर्डातली अर्थिंग बघा, ग्राफिक कार्डाचं नंतर

पीसी घ्यायचा म्हटलं की पोरं प्रोसेसर कोणता आणि ग्राफिक कार्ड कोणतं यावर तास तास वाद घालतात, आणि ज्या बोर्डात तो पीसी लागणार त्या बोर्डाची तिसरी पिन नुसती शोभेची आहे हे कोणी बघत नाही. आपल्याकडे जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, गावाकडे मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज झोपतं, वळवाच्या पावसात लाईट दहा वेळा जाते-येते, आणि वरून कापसाची धूळ. पुण्या-मुंबईतले व्हिडिओ बघून जोडलेला पीसी इथं एक उन्हाळा काढतो आणि मग "भो, पीसी चालूच व्हई नही राह्यना" असे फोन सुरू होतात. म्हणून हे सगळं इथल्या हिशोबानं लिहितोय, भिंतीपासून सुरुवात करून.

आधी लाईट

साधा मल्टिमीटर आणा, त्याच्यावर एसी ७५० ची रेंज लावा आणि जिथं पीसी लावायचा त्याच सॉकेटमधे तीन रीडिंग घ्या. हे चालू लाईटवर करायचं काम आहे, सवय नसेल तर वायरमनला बोलवा, उगाच हिंमत दाखवू नका. फेज आणि न्यूट्रलमधे २२०-२४० च्या आसपास यायला पाहिजे, फेज आणि अर्थमधे पण जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमधे दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थला ६०, ९० असं काहीही हलतं रीडिंग आलं तर समजा की अर्थिंगची वायर कुठंतरी तुटलीय नाहीतर ती कधी जोडलेलीच नव्हती.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर पेटतो, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी राहते आणि लोक म्हणतात एसएमपीएस, म्हणजे पीसीतला पॉवर सप्लायचा डबा, खराब आहे. बहुतेक वेळा तो चांगला राहतो. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर राहतो, त्यात एक छोटा कपॅसिटर फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर तिथला बारीक करंट जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर बॉडी मधेच लटकते, म्हणजे साधारण २३० च्या निम्म्यावर, ११५ च्या आसपास. करंट एकदम कमी राहतो पण हाताला कळतो, आणि अशा लटकत्या बॉडीच्या पीसीला चालू असतानाच टीव्हीची एचडीएमआय केबल खुपसली की कधी पोर्ट जातो तर कधी टीव्हीचं कार्ड. एसएमपीएस बदलून हे जाणार नाही, नवा आणला तरी त्याच झिणझिण्या.

आणि यावर एक जुगाड चालतो तो बिलकुल करू देऊ नका: सॉकेटमधेच न्यूट्रल आणि अर्थच्या पिनला तुकडा मारून जोडणे. टेस्टर विझतो, मीटरवर रीडिंग पण छान येतं, वायरमन पैसे घेऊन जातो, पण ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतील आणि घरात लहान पोरं असतात भो. खरा उपाय म्हणजे अर्थिंगचा खड्डा नीट करून घेणे. खड्डा आधीच असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा, आपली काळी माती एप्रिलमधे भेगाळते, कोरडी पडते आणि पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग मे महिन्यात कामाची राहत नाही.

स्टॅबिलायझर घ्यायचा का? एसएमपीएसच्या लेबलवर बघा. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल आणि खरंच चांगल्या कंपनीचा असेल तर कमी व्होल्टेज तो स्वतःच सांभाळतो. स्वस्तातल्यावर १८० किंवा २०० पासून पुढं लिहिलेलं राहतं, मळ्यात राहणाऱ्यांनी तसला घ्यायचाच नाही. डीपीवरचं न्यूट्रल तुटून व्होल्टेज ३०० च्या वर गेलं तर मात्र हे सगळं गारद, त्यासाठी मेन बोर्डात ओव्हर व्होल्टेजला ट्रिप होणारा प्रोटेक्टर बसवता येतो, एक पीसी जळण्यापेक्षा तो स्वस्तच.

यूपीएस पाहिजेच. ६०० व्हीएचा म्हणजे खरे साधारण ३६० वॅट, बिगर ग्राफिक कार्डाच्या पीसीला आणि मॉनिटरला पुरतो. कार्ड असेल तर १००० व्हीए किंवा वरचा. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी राहते आणि ती उष्णतेनं मरते, २५ डिग्रीच्या वर दर १० डिग्रीला आयुष्य जवळपास निम्मं होतं, त्यामुळे यूपीएस पत्र्याच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको म्हणणाऱ्यांनी इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघावं, त्यावर यूपीएस मोड असेल तर तो चालू करा. एसएमपीएस लाईट गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद दम धरतो, साध्या मोडवरचा इन्व्हर्टर त्यापेक्षा जास्त वेळ घेतो, म्हणून पंखा चालू राहतो आणि पीसी मात्र रिस्टार्ट होतो.

काय घ्यायचं

पोरांचा अभ्यास, टॅली, एमपीएससीचे लेक्चर, थोडीफार फोटो एडिटिंग, याला ग्राफिक कार्ड लागत नाही. प्रोसेसरमधेच ग्राफिक्स असलेला घ्या. इथं फसायची एक जागा आहे: इंटेलच्या नंबरपुढं एफ असेल, १२४००एफ वगैरे, तर त्यात ग्राफिक्स नसतंच, दोन पैसे स्वस्त म्हणून घेतला तर स्क्रीनवर काही येणार नाही. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटमधे (म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) जी असलेले बघा, ५६००जी सारखे. एएम५ सॉकेट २०२२ मधे आलं, त्यात फक्त डीडीआर५ रॅम चालते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या जनरेशनच्या मदरबोर्डांमधे (पीसीच्या भागांत नुसतं बोर्ड म्हटलं की हाच) काही डीडीआर४ चे तर काही डीडीआर५ चे राहतात, दोघांची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे बोर्डाचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय रॅम घेऊ नका.

रॅम १६ जीबी, आणि एक १६ ची काडी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन काड्यांनी ते चांगलंच पळतं. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे बोर्डावरच बसणारी वेगवान डिस्क. जुनी हार्डडिस्क असेल तर फोटो-सिनेमे ठेवायला चालेल, विंडोज तिच्यावर टाकू नका.

पैसे वाचवायचे तर प्रोसेसरमधे वाचवा, एसएमपीएसमधे नाही. कॅबिनेटसोबत फुकट येणारा "४५० वॅट"चा डबा हातात घेऊन बघा, वजनच नसतं त्याला. ८० प्लस ब्रॉन्झचा शिक्का (वीज कमी वाया घालवतो याचा) असलेला, तीन ते पाच वर्षं वॉरंटीचा घ्या. आणि कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं घ्या, समोर काच असलेलं दिसायला भारी पण आपल्या उन्हाळ्यात ती भट्टी आहे.

खरेदी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून करा, धुळ्यातून करा, नंदुरबारवाले सुरतेहून आणतात, ऑनलाईन घ्या, काहीही करा पण जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर. वॉरंटीचा माल कुठं पाठवावा लागेल हे आधीच विचारा. ऑफिसमधून निघालेले जुने पीसी पण बरे मिळतात, फक्त इंटेल आठव्या जनरेशनच्या आधीचा घेऊ नका, विंडोज ११ त्याला अधिकृत चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

जोडणी

लाकडी टेबल, चांगला उजेड, दोन नंबरचा स्टारचा मॅग्नेटवाला स्क्रूड्रायव्हर. उन्हाळ्यात हवा कोरडी राहते म्हणून स्टॅटिक जास्त बनतं, नायलॉनची साडी किंवा सतरंजीवर बसून हे काम नको. एसएमपीएस अर्थिंगच्या सॉकेटला लावून त्याचं बटण बंद ठेवा आणि अधूनमधून त्याच्या पत्र्याला हात लावत जा. अर्थात अर्थिंग असेल तरच.

बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. प्रोसेसर बसवताना जोर लावायचा नसतो हे आधी डोक्यात पक्कं करा. एएम४ मधे पिना प्रोसेसरला राहतात: सॉकेटची दांडी उभी करा, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर आणा आणि प्रोसेसर नुसता सोडा, तो आपल्या वजनानं खाली बसतो, बसला नाही तर उचलून परत बघा, दाबू नका. इंटेल आणि एएम५ मधे पिना सॉकेटमधे राहतात, केसासारख्या बारीक, तिथं बोट, कापड, फुंकर काहीच नको. यात दांडी खाली ओढताना चांगला जोर लागतो आणि कर्र असा आवाज येतो, घाबरू नका, तसाच येतो. वरचं काळं प्लास्टिक झाकण आपोआप उडून निघतं, ते जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते मागतात.

कूलरच्या खाली पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारी) आधीच लावलेली असेल तर वरून लावू नका. नसेल तर मधोमध वाटाण्याएवढी. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरला चार पिना राहतात, समोरासमोरच्या दोन एकदाच दाबा, टक आवाज येतो, मग बाकीच्या दोन. नंतर बोर्ड उलटा करून बघा, चारही पिना मागून बाहेर आल्या पाहिजेत. तीन आल्या आणि एक राहिली तर पीसी चालू होईल, पंधरा-वीस मिनिटं चालेल आणि गरम होऊन बसेल, आणि मग तुम्ही विंडोजला शिव्या देत बसाल. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच.

रॅमच्या चार जागा असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत. एसएसडी तिरकी घालून खाली दाबायची आणि छोटा स्क्रू लावायचा, वरच्या हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या) पट्टीवरचा प्लास्टिकचा पापुद्रा काढायला विसरू नका.

आता कॅबिनेटमधे घालायच्या आधी बाहेरच चालू करून बघा, हे टाळू नका. २४ पिनची वायर, प्रोसेसरची ८ पिनची वायर, मॉनिटर, बस. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर लावलं की चालू होतो. डीडीआर५ वाला बोर्ड पहिल्यांदा रॅम ओळखायला कधी कधी काही मिनिटं घेतो, स्क्रीन काळी, पंखा चालू, काहीच दिसत नाही, तेव्हा घाईनं लाईट बंद करू नका, चहा घेऊन या.

बायोस, म्हणजे बोर्डाची स्वतःची सेटिंगची स्क्रीन, दिसलं की बंद करा आणि कॅबिनेटमधे बसवा. मागची पोर्टाची पट्टी आधी. बोर्डाला जिथं भोक आहे तिथंच खाली पितळी स्टँडऑफ (बोर्ड वर उचलून धरणारा छोटा खुंटा) पाहिजे, एखादा जास्तीचा राहिला तर तो मागून शॉर्ट करतो. समोरच्या बटणांच्या बारीक वायरींना बोर्डाचं पुस्तक बघून लावा, स्विच उलटा लागला तरी चालतो, छोट्या दिव्यांच्या वायरीला प्लस-मायनस असतं. मॉड्युलर (केबली सुट्या निघणारा) एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसच्या केबली त्याला लावायच्या नाहीत, तोंड सारखं दिसलं तरी आतला क्रम वेगळा राहतो आणि एका बटणात डिस्क जळतात. ग्राफिक कार्ड लावलं असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला, बोर्डाला नाही.

मागच्या रिकाम्या पट्ट्या सगळ्या बंद करा. त्यातून उंदीर आत जातात, उबेला बसतात आणि वायरी कुरतडतात, पाल एसएमपीएसमधे गेली तर ती पण जाते आणि एसएमपीएस पण.

बायोसमधे जाऊन रॅम पूर्ण दिसते का बघा, एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा नाहीतर रॅम कमी स्पीडवर चालते. विंडोजचा पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो, टाकताना बाकीच्या डिस्क काढून ठेवल्या तर चुकून फोटोवाली फॉरमॅट होत नाही. इंटरनेटचा ड्रायव्हर सापडत नसेल तर मोबाईल यूएसबीनं लावून टेदरिंग करा. बायोस अपडेट करायचं असेल तर यूपीएसवरच, आणि ज्या दिवशी महावितरणचा लाईट बंदचा मेसेज आलाय त्या दिवशी तर हातच लावू नका, मधेच लाईट गेली तर बोर्ड मेला समजा.

बंद पडला तर

क्रम सोडायचा नाही: भिंत, यूपीएस, केबल, एसएमपीएस, आणि मग आतलं.

बटण दाबलं, काहीच नाही, पंखा पण नाही. सॉकेटमधे मोबाईलचा चार्जर लावून बघा. यूपीएस सोडून सरळ भिंतीला लावा. एसएमपीएसच्या मागचं बटण घरच्यांनी बंद केलेलं राहतं, हसू नका, खूप वेळा हेच निघतं. मग एसएमपीएसच्या सगळ्या वायरी बोर्डापासून काढून २४ पिनच्या तोंडात हिरवी आणि शेजारची कोणतीही काळी वायर पेपरक्लिपनं जोडा. सगळ्या वायरी काळ्याच असतील तर पुस्तकातली जागा बघितल्याशिवाय क्लिप लावू नका. पंखा फिरला तर निदान त्यात जीव आहे, पिवळ्या-काळ्यात ११.४ ते १२.६ व्होल्टच्या बाहेर रीडिंग गेलं तर बदला. एसएमपीएस उघडायचा मात्र नाही, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट डीसी राहतात, वायर काढल्यावर पण.

पंखा फिरतो, डिस्प्ले नाही. यात पहिला नंबर रॅमचा. दोन्ही काड्या काढा, सोनेरी पट्टी साध्या खोडरबरानं पुसा, रबराचा चुरा झटका, एकच काडी एका जागी लावा, नाही झालं तर दुसऱ्या जागी, मग दुसरी काडी. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे लाईट असतील तर जो पेटून राहिला तिथं अडकलाय. तरी नाही तर लाईट काढून गोल सेल, सीआर२०३२, पाच मिनिटं बाहेर ठेवा. हाच सेल उतरला की तारीख रोज मागं जाते आणि मग बँकेच्या साईट उघडत नाहीत, लोक इंटरनेटवाल्याशी भांडतात.

चालता चालता एकदम बंद. गेम किंवा व्हिडिओ एक्स्पोर्ट करतानाच होत असेल तर उष्णता नाहीतर एसएमपीएस. एचडब्ल्यूइन्फो टाकून टेंपरेचर बघा. प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, तो कायम खोलीच्या वर अमुक डिग्री राहतो. हिवाळ्यात खोली २० ला असताना ६५ दाखवणारा पीसी मेमधे ४२ च्या खोलीत ८७ दाखवणार, यात पीसी बिघडलेला नाही. पण ९५-१०० ला टेकला की तो आपला वेग कमी करतो, आणि त्याच्या पुढं बंद.

हिवाळ्यातच जास्त दाखवत असेल तर कापूस बघा. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून अर्ध्या घरात कापूस भरून ठेवलेला राहतो, नाहीतर जवळ जिनिंग असते. वरून पंखा स्वच्छ दिसतो, पण पंख्याचे स्क्रू काढून तो उचलला की खाली हीटसिंकच्या पात्यांवर करडी गादी बसलेली दिसते, चिमटीत धरून अख्खी उचलता येते इतकी जाड, त्यातून हवा जाणार कुठून. ब्लोअर अंगणात मारा, पंख्याचं पातं बोटानं धरून मारा नाहीतर तो फिरून बेअरिंग जातं, एसएमपीएसच्या जाळीतून पण मारा. कापसाच्या दिवसात महिन्यातून एकदा, नाहीतर तीन-चार महिन्यांनी. जुना एएम४ चा कूलर काढायचा असेल तर आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून लाईट काढा, आणि कूलर थोडा डावी-उजवीकडे फिरवून मग उचला, गार असताना ओढला तर पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

वाळ्याच्या कूलरसमोर पीसी ठेवायची हौस पण सोडा. ओली हवा आणि तुषार सरळ आत जातात, पावसाळा लागेपर्यंत पोर्टांवर हिरवट थर चढतो. कूलर खोली गार करू दे, त्याचं तोंड पीसीकडं नको, आणि खिडकी उघडी ठेवा.

निळी स्क्रीन परत परत येत असेल तर आधी एक्सएमपी बंद करून दोन दिवस बघा. मग मेमटेस्ट पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा, एक जरी लाल एरर आली तरी ती काडी वॉरंटीत द्या. एसएसडी-हार्डडिस्कला क्रिस्टलडिस्कइन्फो, त्यात पिवळा कॉशन दिसला की दुसरं काही करायच्या आधी फोटो दुसरीकडं कॉपी करा. इंटेल तेराव्या-चौदाव्या जनरेशनचे वरचे आय७-आय९ असतील तर बायोस २०२४ च्या शेवटाकडचं किंवा नंतरचं पाहिजे, त्यातल्या व्होल्टेजच्या गडबडीवर कंपनीनं त्याच वर्षी मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) काढलाय.

वळवाचा गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पीसीचा प्लग काढा आणि राउटरकडून येणारी लॅनची वायर पण काढा. वीज कुठंतरी लांब खांबावर पडते आणि त्या वायरीतून लॅन पोर्ट जातो. गेलाच असेल तर लगेच बोर्ड बदलायला सांगणाऱ्याचं ऐकू नका, बाकी सगळं चालत असेल तर यूएसबीचं लॅन अडॅप्टर लावून काम भागतं.

हे सगळं करून पण नाही झालं तर दुकानात न्या, पण जाताना काय काय करून बघितलं ते कागदावर लिहून द्या, नाहीतर तो परत रॅम पुसूनच सुरुवात करेल. आणि तक्रार डिस्कची नसेल तर एसएसडी काढून घरी ठेवा, त्यांच्याकडं टेस्टला स्वतःची राहते.